मामला मॅटचा!

घरच्या घरी गोल्फ सिम्युलेटर लावायचा प्लॅन शिजतोय? मग सेन्सर, स्क्रीन आणि प्रोजेक्टरच्या आधी जरा पायाखाली बघा. तुमचा गेम आणि तुमचं कोपर, दोन्ही त्या चार-पाच फुटी हिरव्या तुकड्याच्या हातात आहेत!

गोल्फ म्हणजे पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा आणि रिटायर्ड ब्रिगेडियर, असं चित्र अजूनही तुमच्या डोक्यात असेल तर बॉस, ते आता अपडेट करा. ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी भल्या पहाटे टीव्हीसमोर डोळे चोळत बसलेली कितीतरी मंडळी अशी होती, की ज्यांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक मेडलच्या उंबरठ्यापर्यंत गेली आणि चौथी आली. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या पुण्याचा उदयन मानेही खेळला. त्या वीकएंडला 'बर्डी' आणि 'बोगी' म्हणजे काय, हे माझ्या आईनेसुद्धा मला विचारलं होतं.

आवड लागते, पण पुढे काय? शहरातले कोर्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बऱ्याच क्लबांना मेंबरशिप लागते. हिंजवडीतून सुटून येरवड्याच्या कोर्सपर्यंत पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो, आणि जून ते सप्टेंबर पाऊस ठरवतो की तुम्ही खेळायचं की भजी खायची. म्हणूनच ज्यांच्या घरात एखादी खोली रिकामी आहे, अशा मंडळींमध्ये सध्या घरच्या सिम्युलेटरचं खूळ आहे. फंडा सोपा आहे. तुम्ही समोरच्या जाळीत किंवा पडद्यावर बॉल मारायचा. बाजूला किंवा मागे ठेवलेलं छोटं यंत्र कॅमेऱ्याने किंवा रडारने बॉलचा वेग, कोन आणि फिरकी मोजतं आणि बाकीचा प्रवास कॉम्प्युटर काढून दाखवतो. बॉल उडतो दहा फूट, स्क्रीनवर जातो दीडशे यार्ड. सही ना?

या लेखासाठी मी गेल्या दोन महिन्यांत अशा चार-पाच घरांमध्ये डोकावले. सगळीकडे खरेदीची एकच स्टोरी. पहिला पैसा यंत्रावर, मग प्रोजेक्टरवर, मग पडद्यावर, मग सॉफ्टवेअरवर. शेवटी खिशात जे काही चिल्लर उरलं, त्यात मॅट. म्हणजे लग्नात हॉल झाला, केटरर झाला, घोडासुद्धा झाला आणि नवरदेव बोहल्यावर चढला तो जुन्या फाटक्या चपला घालून!

खरं तर सगळ्यात जास्त चिकित्सा करायची ती या चपलांचीच.

सगळ्यात महागडा सिम्युलेटर कशावर उभा आहे?

टायगर वुड्स आणि रॉरी मॅकिलरॉय यांच्या कंपनीने काढलेली 'टीजीएल' ही लीग जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. फ्लोरिडातल्या एका बंदिस्त स्टेडियममध्ये जगातले टॉपचे गोल्फर चक्क सिम्युलेटरवर मॅच खेळतात. पडदा ६४ फूट रुंद आणि ५३ फूट उंच. टेक्नॉलॉजीची नुसती उधळण. पण बॉल मारायची जागा मात्र खऱ्या गवताची! पैशाला तोटा नसताना त्यांनी तिथे प्लॅस्टिक अंथरलं नाही, यातच काय ते आलं.

कारण गोल्फ हा हवेतला खेळ दिसत असला तरी तो जमिनीशी खेळला जातो. ड्रायव्हर या लांबलचक काठीने मारताना बॉल लाकडी टीवर उंच ठेवलेला असतो, तेव्हा काठीचा जमिनीशी संबंध येत नाही. पण आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्यांचं तंत्र वेगळं आहे. तिथे काठी खाली येता येता आधी बॉलला लागते आणि मग बॉलच्या पुढची माती आणि गवत खरवडत जाते. टीव्हीवर गवताचा छोटा तुकडा उडताना दिसतो ना? त्याला डिव्हट म्हणतात. तो बॉलच्या पुढे पडला तर शॉट उत्तम. मागे पडला, तर काठी आधी मातीत रुतली आणि बॉलपर्यंत पोचेपर्यंत तिचा जीव गेला. याला म्हणतात फॅट शॉट.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडच्या बऱ्याच कोर्सेसवर जे 'बर्म्युडा ग्रास' असतं, ते दुसरंतिसरं काही नसून आपल्या हरळीचं भावंड आहे. हो, तीच गणपतीला वाहतो ती दूर्वा! ती आडवी पसरते, मुळं धरून राहते आणि घाव बसला की तुटून वाट करून देते. मॅटने नक्कल करायची असते ती हिची. नुसता हिरवा रंग काय, पडदेवाल्याकडच्या कार्पेटलाही असतो.

लाडावणारी आजी

कॅडी म्हणून सुरुवात करून कोच झालेल्या एका सरांना मी विचारलं, की घरी मॅटवर सराव करणाऱ्यांचं नेमकं काय बिघडतं? ते हसले.

"ताई, मॅट म्हणजे लाडावणारी आजी. तुम्ही कसंही मारा, ती म्हणते, वा, छान! कोर्स म्हणजे आमच्या गावच्या शाळेतले मास्तर. चुकलं की लगेच छडी."

याचं लॉजिक असं. समजा तुमची काठी बॉलच्या दीड-दोन इंच मागे आपटली. खऱ्या गवतावर ती रुतणार आणि बॉल वीस यार्डांवर जाऊन बसणार. कडक मॅटवर मात्र काठी रुतायला जागाच नाही. ती आपटून, घसरत पुढे येते आणि बॉलला बऱ्यापैकी मारते. यंत्र फक्त बॉल बघत असेल तर त्याला मागच्या आपटण्याशी देणंघेणं नसतं. स्क्रीनवर १३० यार्डांचा टुमदार शॉट दिसतो. तुम्ही खूश, घरचे खूश, स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवलासुद्धा.

आणि मग रविवारी कोर्सवर जाता, तेव्हा तोच स्विंग मातीत रुततो. "घरी तर मस्त लागतो रे!" हे वाक्य कोच सरांनी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते आधी मॅट कुठली हेच विचारतात.

म्हणजे काय, तर पन्नास-साठ हजारांचं किंवा काही लाखांचं यंत्र तुम्ही आणलंत आणि ते जे मोजतंय तेच खोटं आहे. वजनकाटा एकदम भारी, पण भाजीवाल्याचा अंगठा पारड्यावर!

गोल्फ खेळून टेनिस एल्बो

खोटे आकडे एकवेळ परवडले. दुखणं परवडत नाही. माझा एक मित्र, आयटीतला, वय ३२, बाणेरला राहतो. घरातल्या तिसऱ्या बेडरूममध्ये त्याने हौसेने सगळा सेटअप केला. मॅट ऑनलाइन मागवलेली, दोन हजारांच्या आतली, जेमतेम एक सेंटिमीटर जाड, खाली थेट व्हिट्रिफाइड टाइल. रोज रात्री मुलगी झोपली की एक तास. दीड महिन्यात डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली. आधी फक्त खेळताना, मग दुधाची पिशवी उचलताना, मग दाराची चावी फिरवताना.

"अगं, एके दिवशी पिल्लूने उचल म्हणून हात वर केले आणि मला डाव्या हाताने उचलताच येईना," तो मला म्हणाला. "त्या दिवशी टरकली माझी."

फिजिओथेरपिस्टने सांगितलं, टेनिस एल्बो. गोल्फ खेळून टेनिस एल्बो! ऑफिसात या जोकवर आठवडाभर लोक जगले. पण हे अजिबात विचित्र नाही. कोपराच्या आतल्या बाजूचे स्नायुबंध दुखावले तर त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात आणि बाहेरच्या बाजूचे दुखावले तर टेनिस एल्बो. उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फरच्या उजव्या कोपराला पहिला आणि डाव्या, म्हणजे पुढच्या कोपराला दुसरा होऊ शकतो. त्यात आपण दिवसभर माऊस आणि कीबोर्डवर असतो, म्हणजे त्याच स्नायूंची डबल ड्यूटी. मनगटाचीही कथा तीच. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला एका हाडाला छोटा आकडा असतो आणि काठीचं टोक बरोबर तिथेच टेकलेलं असतं. काठी जमिनीवर आपटून तो आकडा मोडणं ही गोल्फरांची जुनी ओळखीची दुखापत आहे.

आता थोडं गणित. हौशी खेळाडूच्या आयर्नचं डोकंसुद्धा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे फिरत असतं. ते कडक फरशीवर आपटलं की धक्का जाणार कुठे? काठीतून मनगटात आणि मनगटातून कोपरात. कोर्सवर हे किती वेळा होतं? पार ७२ च्या कोर्सवर हिशेबाने ३६ पट, म्हणजे शेवटचे हलके फटके. उरले ३६. त्यातले १८ टीवरून. म्हणजे जमिनीवरच्या बॉलला मारायचे फटके उरले फक्त १८. आपल्यासारखे नवशिके त्याच्या दुप्पट-तिप्पट मारतील, पण तेही मऊ मातीवर, चार-पाच तासांत, मध्ये चालत चालत. घरी? एका तासात शंभर बॉल सहज होतात. रोज. तेही फरशीवर.

माझा मित्र आता बराय. तीन महिने काठीला हात लावला नाही, व्यायाम केले आणि परत सुरू करताना पहिली खरेदी केली ती मॅटची. आता तो एका वेळी चाळीसच बॉल मारतो. मध्ये पाणी पितो, व्हिडिओ बघतो. आणि पिल्लू दोन्ही हातांनी उचलतो.

बाजारात आहे काय काय?

मॅटची दुनिया बघायला गेलात तर गरगरायला होईल. पण ढोबळमानाने पाच जाती आहेत.

*पातळ मॅट:* फोमच्या किंवा रबराच्या पट्टीवर चिकटवलेलं नायलॉनचं आखूड गवत. स्वस्त, गुंडाळून कपाटात ठेवता येते. पटिंग आणि हलक्या चिप्ससाठी ठीक. पूर्ण ताकदीच्या आयर्नसाठी नाहीच. टी म्हणून भोकातून वर येणारी रबरी नळी मिळते, तिची उंची बदलत नाही. बाल्कनीत घालतात ते लॉनचं कार्पेट याच्याही खालच्या पायरीवर येतं. ते शोभेसाठी आहे, शोभेलाच राहू द्या.

*दाट, जाड गवताची मॅट:* उंच, उभे आणि घट्ट विणलेले नायलॉनचे धागे. काठी त्यात थोडी खाली जाऊ शकते. लाकडी टी सरळ खोचता येते, हा मोठा प्लस पॉइंट. अमेरिकेतली 'कंट्री क्लब एलिट' ही या जातीतली गाजलेली. वजनाला जड, त्यामुळे मागवताना कुरिअरचा खर्च आधी बघा.

*ब्रशवाली:* 'फायबरबिल्ट' हे यातलं प्रसिद्ध नाव. कपडे घासायच्या ब्रशसारखे उभे तंतू असतात आणि काठी त्यांच्यातून आरपार निघून जाते. हाताला धक्का कमी. सांधे आधीच कुरकुरत असतील तर हिचा विचार करावा. पण बॉलच्या मागे लागलं तरी ती फारसं अडवत नाही, म्हणजे आजीपणा थोडा आहेच.

*जेलवाली:* 'ट्रूस्ट्राइक' ही ब्रिटिश मॅट यातली. वरच्या गवताखाली जेलचा थर असतो. काठी आपटली की जागा दबते आणि पुढे सरकते. मातीच्या जवळ जाणारा फील, पण खिसा चांगलाच हलका होतो.

*पट्टीवाली:* ही माझ्या मते फ्लॅटवाल्यांसाठी सगळ्यात शहाणी. उभं राहायला साधी मॅट आणि मधोमध फक्त बॉल मारायच्या जागी वरच्यापैकी एखाद्या चांगल्या जातीची पट्टी. झिजली की पट्टी बदला, बाकीचं तसंच. पैसे जिथे काठी लागते तिथेच जातात.

मग बेस्ट कुठली? मऊ असावी, पण गादीसारखी नको. अगदी लुसलुशीत मॅट कोपर वाचवते खरी, पण चूकही पोटात घालते. कडक मॅट चूक लपवते आणि वर कोपरही मोडते. मधली हवी. काठी आत घेणारी आणि मागे आपटलं तर तिचा वेग खाणारी. एका वाक्यात सांगायचं तर चांगली मॅट चूक दाखवते, पण शिक्षा करत नाही.

फ्लॅटचं गणित

परदेशी व्हिडिओत गॅरेज दिसतं, आपल्याकडे असते बेडरूम. त्यामुळे चार गोष्टी इथल्या घराप्रमाणे बघायलाच हव्यात.

*उंची:* आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे जेमतेम नऊ फूट. त्यात हौसेने केलेलं पीओपीचं फॉल्स सीलिंग. ड्रायव्हर मोकळेपणी फिरवायला साधारण दहा फूट लागतात. त्यात दोन इंचांची मॅट आणि खाली प्लायवूडचा चौथरा आला की तुम्ही तेवढे वर उचलले जाता. आधी मॅटच्या उंचीएवढ्या पाटावर उभं राहून हळू स्विंग करून बघा. पंखा कुठे आहे तेही बघा! बऱ्याच फ्लॅटमध्ये शेवटी फक्त आयर्नच मारता येतात. म्हणजे प्रत्येक फटका मॅटवर. म्हणजे मॅटचं महत्त्व दुप्पट.

*लेव्हल:* पाय आणि बॉल एकाच पातळीवर हवेत. पाय फरशीवर आणि बॉल जाड मॅटवर, असं झालं तर बॉल पायांच्या वर येतो आणि शॉट डावीकडे पळायला लागतो. मग तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करत बसणार. बाजूला ठेवायचं कॅमेऱ्याचं यंत्र असेल तर तेही मॅटच्याच पातळीवर ठेवायचं, नाहीतर त्याला बॉल भलत्याच ठिकाणी दिसतो. सुताराकडून प्लायवूडचा चौथरा करून घेतला आणि त्यात पट्टीपुरता खाचा ठेवला की काम फत्ते.

*खालचे शेजारी:* एका घरी तर खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, "अहो, रोज रात्री साडेदहाला तुमच्याकडे खलबत्त्यात काय कुटतात?" स्लॅबमधून धक्क्याचा आवाज खाली उतरतोच. मॅटखाली जिममध्ये वापरतात तसे जाड रबरी टाइल्स घाला. आवाज कमी होतो, मॅट टाइल्सवर सरकत नाही आणि सांध्यांनाही बोनस.

*पावसाळा:* गच्चीत किंवा बंद बाल्कनीत मॅट ठेवणार असाल तर खालचा फोम ओल धरतो आणि कुबट वास मारायला लागतो. आठवड्यातून एकदा उभी करून वारा द्या. कडक उन्हातही ठेवू नका, धागे ठिसूळ होतात.

चेकलिस्ट: घेण्याआधी एवढं कराच

• इनडोअर गोल्फ स्टुडिओत किंवा ओळखीच्या घरी आपली स्वतःची काठी नेऊन वीस बॉल मारा. फोटो बघून मॅट घेऊ नका.

• मुठीने मॅट ठोका. खालची फरशी 'बोलली' तर ती मॅट बाद.

• लाकडी टी खोचून बघा. सरळ उभी राहते का?

• हलक्या हाताने मुद्दाम बॉलच्या मागे मारा. फटका चांगलाच गेला, तर मॅट खोटारडी आहे. मनगट झणझणलं, तर ती तुमची नाही.

• काठीच्या तळाला हिरवे पट्टे उमटतात का बघा. घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन वितळतं, त्याचे ते डाग. सरावाला जुन्या आयर्न वापरलेल्या बऱ्या.

• मधला भाग वेगळा बदलता येतो का, विचारा. येत नसेल तर मॅट फिरवून तरी वापरता आली पाहिजे.

• दोन्ही पाय मावतात ना? घरात कोणी डावखुरं असेल तर रुंद मॅट घ्या.

• आणि मॅट कुठलीही असो, बॉलच्या मागे चार-पाच बोटांवर एक घडी घातलेला टॉवेल ठेवा. टॉवेलला काठी लागली की समजा, कोर्सवर हा शॉट फॅट होता. एक रुपयाही खर्च नाही आणि आजीचे लाड बंद!

दुखायला लागलं तर मात्र मॅट बदलून प्रश्न सुटेल या भ्रमात राहू नका. चहाचा कप उचलताना किंवा चावी फिरवताना कोपर बोलायला लागलं, की काठी ठेवायची आणि डॉक्टर गाठायचा. "थोडं दुखतंच रे" म्हणणाऱ्या मित्राला त्या दिवशी म्यूट करायचं.

बजेट कमी असेल तर काय कापायचं? प्रोजेक्टर कापा. टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर आकडे तितकेच खरे दिसतात. पडदा कापा, जाळी चालते. यंत्राचं मॉडेल एक पायरी खालचं घ्या. फक्त मॅटवर कंजूषी नको. बाकी सगळं पुढच्या अप्रेझलनंतर अपग्रेड करता येतं, कोपराचं नवीन व्हर्जन येत नाही.

आणि महिन्यातून एखादा रविवार काढून खऱ्या हरळीवर जाऊन याच. खारघरला सिडकोचा कोर्स आहे, तिथे क्लबचे मेंबर नसलेल्यांनाही खेळता येतं. चार डिव्हट उडवा आणि ते बॉलच्या पुढे पडले की मागे, एवढं बघा. पुढे पडले, तर मॅट तुमच्याशी खरं बोलतेय. हॅपी हिटिंग!